दुसऱ्यांदा अ‍ॅब्लेशन कशाला?

माझ्या बाबांचं अ‍ॅब्लेशन आता दुसऱ्यांदा होणार. कामठीच्या घरी सगळ्यांचा एकच प्रश्न : पहिलं वाया गेलं का?

हा प्रश्न खरं तर इलेक्ट्रिकलचा. १९९८ साली फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉ. हायसागेर यांच्या टीमने दाखवलं, की एट्रियल फिब्रिलेशनचे खोटे सिग्नल बहुतेकदा फुप्फुसांकडून हृदयात येणाऱ्या शिरांमधून सुटतात. म्हणून जांघेतून कॅथेटर नेऊन शिरांच्या तोंडाभोवती गोल डागतात (आजीला हा शब्द लगेच कळला). मेलेल्या पेशींतून करंट जात नाही. पण जिथे उष्णता साधारण ५० अंशांपर्यंत पोचलीच नाही, तिथल्या पेशी नुसत्या सुजतात. सूज उतरली की लाइन पुन्हा चालू! दुसऱ्या वेळी आधी या फटी शोधतात, मग त्या बुजवतात. रक्त पातळ ठेवायची गोळी मात्र सुरूच, कारण गुठळी मेंदूत गेली तर पक्षाघात. बाबा नेमकी तीच विसरतात.