छतावरच्या पावसातून वीज? मशीन घेण्याआधी हा हिशोब करा

"सर, मुळशीत एवढा पाऊस पडतो. छताच्या पाइपला छोटं टर्बाइन लावून वीज बनवली तर बिझनेस होईल का?" हा प्रश्न खूप जण विचारतात. व्हिडिओत जो हिशोब केला, तो इथे लिहून देतोय. वही-पेन घ्या.

सूत्र एकच

वॅट = सेकंदाला लिटर × उंची (मीटर) × ९.८. लहान टर्बाइनमध्ये यातली साधारण निम्मीच वीज हाती लागते.

१. छताचं पाणी

छत १०० चौरस मीटर, उंची ६ मीटर, वर्षाचा पाऊस ३,००० मिलिमीटर धरा. म्हणजे ३ लाख लिटर पाणी. त्यातली सगळी ताकद मिळून सुमारे ५ युनिट. हातात येतात अडीच. दिवसाला नाही, अख्ख्या वर्षाला! युनिटला १० रुपये धरले तर २५ रुपये. समजा मशीन २० हजारांचं आहे, तर पैसे वसूल व्हायला ८०० वर्षं लागतील. ताम्हिणीकडे पाऊस जास्त आहे, पण दुप्पट धरला तरी ४०० वर्षं.

२. सांडपाणी

चार माणसांचं घर, रोज ५४० लिटर, तीच उंची. वर्षाला दीड-दोन युनिट. शिवाय ते पाणी मोटरने वर चढवताना त्याहून जास्त वीज आधीच जळलेली असते. वर तेल, केस, कचरा अडकून टर्बाइन चोक होणार ते वेगळंच.

मग भिऱ्याला कसं जमतं?

मुळशी धरणाचं पाणी टाटांच्या भिरा वीजकेंद्रात १९२७ पासून वीज बनवतंय. तिथे पाणी सुमारे ५०० मीटर खाली पडतं आणि अख्खं धरण मागे उभं आहे. त्या धरणात गावांच्या जमिनी गेल्या. म्हणूनच १९२१ मध्ये मुळशी सत्याग्रह झाला आणि सेनापती बापटांनी त्याचं नेतृत्व केलं. पाऊस तोच, पण उंची आणि साठा आपल्या छताकडे नाही.

३. जमतं कुठे?

डोंगरउतारावरच्या ओढ्यावर. २० लिटरची बादली ४ सेकंदात भरली, तर सेकंदाला ५ लिटर. गवंड्याच्या लेव्हल नळीने उतार मोजा. २० मीटर मिळाला तर निम्मे धरून ४९० वॅट, म्हणजे दिवसाला ११-१२ युनिट. ओढा रात्रंदिवस वाहतो, फायदा तिथे आहे. पावसाळ्यात लाईट जाणाऱ्या वाडीला किंवा रिसॉर्टला याचा उपयोग आहे. पण ओढा आटला की वीज बंद. म्हणून किती महिने पाणी टिकतं ते आधी बघा. ओढ्याच्या पाण्याची परवानगी आणि जागामालकाची संमती लेखी घ्या.

खरा धंदा कशात?

त्या ३ लाख लिटरकडे परत बघा. वीज अडीच युनिट, पण पाणी म्हणून १० हजार लिटरचे ३० टँकर! सगळं साठवता येणार नाही, पण गाळून टाकीत किंवा बोअरवेलजवळ जिरवायचं काम गिऱ्हाईक पैसे देऊन करून घेईल. वीजच हवी असेल तर सोलर विका: १ किलोवॉटला दिवसाला सरासरी ४ युनिट.

होमवर्क

या आठवड्यात एक छत आणि एक ओढा मोजा. लिटर, उंची, महिने असे तीन आकडे लिहा. हे तीन आकडे हातात नसतील, तर कुठल्याही मशीनचा ॲडव्हान्स देऊ नका.