चापावरच्या बोटासाठी

मिनिॲपोलिस,
२० नोव्हेंबर

चि. अनिकेत यास,

डिसेंबरात मित्रांबरोबर फेझंटच्या शिकारीला जाणार आहेस, असं ताईकडून कळलं. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हळूहळू बंदच झाली. त्यामुळे यातलं काही विचारावं असं वडीलधारं माणूस आपल्या घरात नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मिनेसोटात १९७९ नंतर जन्मलेल्यांना लागणारं बंदूक-सुरक्षेचं प्रमाणपत्र तू घेतलंस, केशरी जाकीटही घेतलंस. राहिले हातमोजे.

दुकानात सगळ्यांत जाड आणि उबदार जोडी पुढे करतील. ती घेऊ नकोस. उजव्या हाताचा मोजा चापावरच्या बोटासाठी निवडायचा, उबेचा विचार त्यानंतर. जाड बोट चापाभोवतीच्या कड्यात अडकतं, आणि सेफ्टी (चाप अडवणारी कळ) काढलेली असताना चाप नकळत दाबला गेला तर पुढे चालणारा माणूस किंवा कुत्रा जिवाला मुकू शकतो. शिवाय फेझंटमध्ये फक्त नर मारायला परवानगी आहे. पाणकणसातून पक्षी फडफडत उठला, की नर का मादी हे ओळखून मग सेफ्टी काढायची असते, आणि त्या क्षणी तुझ्या बोटाला ती नीट जाणवली पाहिजे. हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

म्हणून उजव्या हाताला बकरीच्या किंवा हरणाच्या कातड्याचा पातळ मोजा घे. हरणाचं कातडं भिजून वाळल्यावरही मऊ राहतं, बकरीचं काट्याकुट्यात टिकतं. तर्जनीच्या टोकावर जाड शिवण नको. आत मेरिनो लोकरीचं पातळ अस्तर चालेल, सुती मुळीच नको. सूत घाम धरून ठेवतं, आणि ओलं कापड अंगातली ऊब झपाट्याने ओढून घेतं. डाव्या हाताला चाप नसतो, तिथे हवा तेवढा जाड मोजा घाल. दोन्ही हातांना वेगवेगळ्या जोडीतले मोजे दिसले तर दिसू देत.

माप घेताना अंगठा सोडून तळव्याचा घेर मोज. जितके इंच, तितका नंबर. घट्ट मोजा रक्त अडवतो आणि हात अधिकच गारठतो. खिशात ठेवायच्या गरम पुड्या मिळतात. त्यांत लोखंडाची पूड असते, ती हवेशी संयोग पावून तापते. घट्ट मोज्यात हवा पोचत नाही, म्हणून त्या पुड्या जाकिटाच्या खिशात ठेव आणि चालताना हात तिथे घाल. धड आणि डोकं उबदार असेल तर बोटांकडे रक्त येत राहतं, म्हणून पैसे वाचवायचे तर मोज्यांवर वाचव, टोपीवर नको.

बदकांच्या शिकारीला गेलास तर गोष्ट वेगळी. तिथे तासन् तास बसायचं आणि बर्फाळ पाण्यातून आमिषाची नकली बदकं उचलायची. त्या कामाला कोपरापर्यंतचे निओप्रीनचे मोजे वेगळे ठेव, आणि बंदूक हाती घेण्याआधी ते काढून हात कोरडे कर.

भिजलेले कातडी मोजे हीटरवर वाळत घालू नकोस, कडक होऊन तडकतात. बोटाचं टोक पांढरं पडून बधिर झालं तर चोळू नकोस. बंदूक रिकामी करून खाली ठेव, हात काखेत घाल आणि गाडीकडे परत फीर. मित्र पुढे जात असले तरीही.

मोजे आले की घरी, रिकामी बंदूक सुरक्षित दिशेला धरून, सेफ्टी डोळे मिटून लावून-काढून पाहा. दुनळीची सेफ्टी अंगठ्याखाली असते, पंप बंदुकीची बहुधा चापाजवळ, म्हणजे अंगठ्याची शिवण पाहायची की तर्जनीची ते त्यावर ठरतं. तुझी कुठली आहे ते आणि तळव्याचा घेर, दोन्ही या आठवड्यात कळव. मी इथल्या दुकानात जाणारच आहे.

तुझा,
मामा