डिझायनर व्हायचंय? आधी पितळ कापा

जून उजाडला की करिअरचा सल्ला मागणारे फोन सुरू होतात, आणि दरवर्षी प्रश्न दोनच असतात. पहिला बहुधा वडिलांचा: "सीईटीत पर्सेंटाइल बेताचेच आलेत, पण मॅनेजमेंट कोट्यातून एआयची सीट मिळतेय. घेऊन टाकू का?" दुसरा बहुधा आईचा: "गणितात फार गती नाही हो तिला, पण खूप क्रिएटिव्ह आहे. ज्वेलरी डिझायनिंगला घालू का?"

पहिला प्रश्न लवकर निकालात काढते. एका शाखेत किती जागा असाव्यात यावरची मर्यादा एआयसीटीईने 2024-25 पासून उठवली आणि बऱ्याच कॉलेजांनी कॉम्प्युटर, एआय, डेटा सायन्स अशा नावांच्या जागा भराभर वाढवल्या. जागा कागदावर वाढवता येतात, चांगले शिकवणारे तसे वाढत नाहीत. मुलगा आपणहून रात्री कोड लिहीत बसत असेल तर त्याने जरूर जावं. "सगळे जातायत" एवढंच कारण असेल तर कोट्याचे पैसे वाचवा. मेडिकल, सीए, बँका, स्पर्धा परीक्षा यांच्याबद्दल आज लिहीत नाही. त्या वाटा सांगणारे गल्लोगल्ली बसले आहेत.

दुसऱ्या प्रश्नावर मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण तिथली फसवणूक जास्त गोड आहे.

सहा महिन्यांचा किंवा वर्षाचा ज्वेलरी डिझाइनचा डिप्लोमा घेतलेल्या मुली माझ्याकडे फाइल घेऊन येतात. फाइल देखणी असते. पोस्टर कलरमधले हार, राइनो नाहीतर मॅट्रिक्सगोल्ड या सॉफ्टवेअरमध्ये काढलेल्या अंगठ्या, काळ्या पार्श्वभूमीवर चमकणारे हिरे. मी विचारते, ही अंगठी किती ग्रॅमची होईल? उत्तर येत नाही. हा खडा बसवणारा कारागीर त्याची हत्यारं इथे कशी घालेल? उत्तर येत नाही. आतल्या कोपऱ्यात पॉलिश कसं पोचणार? पुन्हा शांतता. यात मुलीचा काहीच दोष नाही. तिला वर्षभर कुणी कानस हातात दिलेली नसते. फीमध्ये एसी असतो, फॅशन शो असतो, धातू नसतो.

आणि हा धंदा धातूच्या वजनावर चालतो. एक साधा हिशेब सांगते. 4 मिमी रुंदीची साधी अंगठी घ्या. स्क्रीनवर तिची जाडी 0.1 मिमीने वाढवली तर डोळ्याला फरक कळतही नाही. 18 कॅरेटमध्ये मात्र एका अंगठीमागे साधारण 0.35 ग्रॅम धातू जादा जातो. 2025 मध्ये 10 ग्रॅम शुद्ध सोन्याच्या भावाने लाखाचा टप्पा ओलांडला. तो लाखाचा भाव धरला तरी एका नगामागे अडीच हजारांच्या आसपास रुपये उडाले. असे 200 नग काढायचे असतील तर शेठ त्या चित्राकडे बघणार की वजनकाट्याकडे? झवेरी बाजारातल्या गाळ्यात जा, अंधेरीच्या सीप्झमधल्या निर्यात कारखान्यात जा, नाहीतर कोल्हापूरच्या गुजरीत. पहिला प्रश्न वजनाचाच असतो.

म्हणून अशा मुलामुलींना मी एक वेगळी वाट सुचवते आणि पालकांचं तोंड वाकडं होतं. टेबलावर मावणारं छोटं सीएनसी मिलिंग मशीन शिका, त्यावर आधी मेण कापा, मग पितळ कापा आणि त्यातून दागिना काढा. सॉफ्टवेअर तेच वापरायचं, पण चित्रावर थांबायचं नाही.

या मशीनवर काय होतं ते पालकांसाठी थोडक्यात सांगते. वर एक छोटी मोटर म्हणजे स्पिंडल असतो, त्याच्या चिमट्यात म्हणजे कोलेटमध्ये सुईसारखा कटर. खाली पाटावर धातूचा तुकडा पक्का बसवलेला. संगणकात काढलेली आकृती जी-कोडमध्ये येते, म्हणजे एक्स इतका, वाय इतका, झेड इतका खाली. दहावीला निर्देशक भूमिती "परीक्षेपुरती" करणारी मुलं इथे येऊन तीच भूमिती मन लावून करतात, कारण चुकलेला निर्देशक आता 300 रुपयांचा कटर मोडतो.

गणितात गती नाही म्हणणाऱ्या आईसाठी हे खास. स्पिंडल मिनिटाला 10,000 फेरे घेतो, कटरला दोन धारा आहेत आणि कटर मिनिटाला 200 मिमी सरकतो. म्हणजे एक धार एका वेळी 0.01 मिमी पितळ काढते. भागाकार शाळेतलाच आहे. हा सरकण्याचा वेग म्हणजे फीड. तो दुप्पट केला की बारीक कटर तुटायची वेळ येते. फारच कमी केला की धार कापायचं सोडून घासत बसते, तापते, बोथट होते. कटर कोलेटमध्ये केसभर वाकडा बसला तर दोन धारांचं काम एकटीवर येतं. 3 मिमीचा कटर ते सोसतो, 0.3 मिमीचा सोसत नाही. आधी रफिंग, मग गोल टोकाच्या कटरने फिनिशिंग, दोन रेघांमधलं अंतर किती ठेवायचं म्हणजे नंतर कानस कमी लागेल, हे सगळं अंदाजाने आणि मोडतोडीने शिकायचं असतं. तुकडा पाटावर धरून कसा ठेवायचा हा तर वेगळाच विषय. दुहेरी टेप, फेव्हिक्विक, छोटा व्हाइस. आपल्याकडचे कारागीर नक्षीकामासाठी दागिना लाखेत बसवतात. गरम केली की लाख सोडते आणि नग न दुखावता हातात येतो. ही युक्ती छोट्या मशीनवरही चालते, आणि कोणत्याही चकचकीत ब्रोशरात ती सापडायची नाही.

आता एक खुलासा करायलाच हवा, नाहीतर उद्या कुणीतरी मशीनखाली सोन्याची लगड ठेवेल. सोनं असं ठोकळ्यातून कोरून काढायचं नसतं. तीन चतुर्थांश धातूची भुकटी होईल आणि ती गोळा करून झारेकऱ्याकडे द्यावी लागेल. सोन्याच्या बांगड्यांवर सीएनसीने हिऱ्याच्या टोकाचे चकाकते काप घेतात; ती मशीनं वेगळी आणि तिथला चुरा चोख हिशेबाने परत मिळवलेला असतो. छोट्या मशीनवरचं खरं काम तीन प्रकारचं. मेणात नमुना कोरणं, पितळात मास्टर म्हणजे मूळ नमुना करणं आणि ठसे म्हणजे डाय कापण्याचा सराव.

मेणाचा नमुना सर्वांत सोपा. तो प्लास्टरच्या साच्यात घालून भट्टीत 700 अंशांच्या वर तापवला की मेण जळून जातं आणि त्या पोकळीत चांदी ओततात. 1 ग्रॅम मेणाचा नमुना 92.5 टक्के चांदीत सुमारे 10 ग्रॅमचा होतो, 18 कॅरेट सोन्यात सुमारे 15 ग्रॅमचा. हा गुणाकार तोंडपाठ असलेली मुलगी मुलाखतीत फाइल उघडायच्या आधीच पुढे गेलेली असते. पेंडंट दोन बाजूंनी कापून होतं. अंगठीसाठी नमुना फिरवणारा चौथा अक्ष लागतो.

ठशांचं काम मला सर्वांत मोलाचं वाटतं आणि त्याकडेच कुणी बघत नाही. कोल्हापुरी साजातली पानडी पातळ पत्र्यावर ठसा उठवून करतात आणि मागे लाख भरतात. हातकणंगले तालुक्यातलं हुपरी चांदीच्या पैंजणांसाठी देशभर ओळखलं जातं. तिथल्या कामातही डाय लागतेच. नवी नक्षी हवी म्हणजे नवा ठसा हवा. हाताने ठसा कोरणारे जुने कारागीर थकत चालले आहेत आणि त्यांच्या मुलांना कंपनीत चिकटायचंय. चित्र काढता येणारी, मशीन चालवता येणारी आणि पोलाद कडक केल्यावर किती आकार बदलतं हे जाणणारी व्यक्ती या बाजाराला हवी आहे. ती सध्या कुठल्याच एका कोर्समधून बाहेर पडत नाही. पोलादाची डाय मात्र टेबलावरच्या स्वस्त मशीनवर होत नाही, त्याला जड मशीन लागतं. छोट्या मशीनवर पितळातला सराव होतो, हात आणि डोळा तयार होतो.

"पण मॅडम, आता थ्रीडी प्रिंटर आहेत ना?" हा प्रश्न हमखास येतो, आणि तो रास्त आहे. ओतकामासाठीचे बरेचसे नमुने आज प्रिंटरवरच निघतात, मेण कोरणाऱ्या मशीनची ती जागा त्यांनी घेतली. तरी मी आधी मिलिंगच शिकायला सांगते. प्रिंटर बहुतेक आकार निमूटपणे काढून देतो, मूर्ख आकारसुद्धा. कटर जिथे पोचत नाही तिथे साफ नकार देतो, आणि तिथे पॉलिशची चिंधीही पोचणार नसते हे मुलीला तेव्हाच कळतं. शिवाय ठसा प्रिंट होत नाही.

यानंतर पालकांबरोबरच्या बैठकीत थोडी शांतता होते आणि मग कुणीतरी हळूच म्हणतं, "पण आपण काय सोनार आहोत का?"

हे वाक्य मी अजून ऐकते, शिकलेल्या घरांत ऐकते, आणि मला त्याची चीड येते. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडी भागातली माणसं दुष्काळाला कंटाळून घराबाहेर पडली आणि सोनं-चांदी गाळण्याच्या गलाई व्यवसायात शिरली. आज देशाच्या कोपऱ्याकोपऱ्यातल्या सराफ बाजारांत विट्याकडचा माणूस मुशीसमोर बसलेला सापडतो. त्यातले कितीतरी शेतकऱ्यांची पोरं होती, टंच काढणं जन्मजात येत नव्हतं. झवेरी बाजारातले बरेच कारागीर पश्चिम बंगालमधून येऊन हे काम करतात. काम शिकणाऱ्याचं असतं. तुमच्या घरात अडचण जातीची नाही, हात काळे होण्याची आहे. मुलगी लॅपटॉपसमोर बसली की करिअर आणि कानस घेऊन बसली की मजुरी, हा हिशेब तुम्ही मनात आधीच करून आलेला असता. मग मला फोन कशासाठी करता?

मुलींच्या बाबतीत आणखी एक. "कारखान्यात मुलगी कशी राहील" असं विचारणाऱ्यांनी सीप्झच्या फाटकाशी पाळी सुटताना उभं राहून बघावं.

शिक्षणाच्या वाटा आहेत, आणि त्या स्वस्त आहेत हीच बहुधा त्यांची बदनामी. दहावीनंतर आयटीआयमध्ये मशिनिस्ट किंवा टूल अँड डाय मेकर हे दोन वर्षांचे ट्रेड आहेत. ते करून पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं आणि तिथून पुढे इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. म्हणजे डिग्रीचं दार बंद होत नाही, एवढं तरी आजी-आजोबांना सांगा. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये दहावीनंतर टूल अँड डाय मेकिंगचा चार वर्षांचा डिप्लोमा आहे. गंभीर मुलासाठी माझी पहिली पसंती तीच. दागिन्यांची बाजू शिकायला मुंबईत जेम अँड ज्वेलरी एक्स्पोर्ट प्रमोशन कौन्सिलने उभी केलेली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ जेम्स अँड ज्वेलरी आहे, तिथे बेंचवर बसून काम शिकवतात. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये मेटलक्राफ्ट आहे. कोणताही खासगी कोर्स घेण्याआधी त्यांच्या वर्कशॉपमध्ये जाऊन टेबलाचे खण उघडा. कानशी झिजलेल्या असतील तर फी भरा. नव्याकोऱ्या असतील तर चहा पिऊन परत या.

आणि आता उत्साही बापांसाठी. हा लेख वाचून त्यातले काही जण रात्रीच ऑनलाइन मशीन मागवतील, मला ठाऊक आहे. 3018 नावाने मिळणारं छोटं मशीन वीस-पंचवीस हजारांच्या आसपास येतं. नावातल्या 30 आणि 18 या आकड्यांत त्याच्या कामाच्या जागेची सेंटिमीटरमधली लांबी-रुंदी आहे. मेण ते छान कापतं, पितळावर उथळ कोरीव काम करतं. त्याहून खोल घुसवलं तर त्याचा सांगाडाच थरथरतो. शिकायला पुरेसं, पोट भरायला नाही. ते घरात आलं की दुसऱ्या दिवशी मुलाला "स्टार्टअप कधी सुरू करतोस" विचारू नका. त्याच्या पहिल्या वेड्यावाकड्या पेंडंटचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका. मावशीच्या ऑर्डरी घेऊ नका. आणि सोन्याचं काम, विक्री, हॉलमार्क हे विषय दोन वर्षं तरी घरात काढू नका. इंजिनिअरिंगच्या सीटसाठी जो दबाव टाकला जातो तोच "पॅशन"च्या नावाने टाकला तर मूल त्याच वेगाने पळून जातं, फक्त यावेळी तुम्हाला आश्चर्य वाटतं.

मशीनच्या आधी एक परीक्षा घ्या, शे-दोनशे रुपयांत होते. पितळेची पट्टी, बारीक कानस, पॉलिश पेपर आणि थोडी जागा द्या. वर्तमानपत्र अंथरा, चष्मा घालायला लावा. सांगा, यातून दोन्ही बाजूंनी सारखं असं आंब्याचं पान कर. मग खोलीतून बाहेर जा आणि आठ दिवस विचारू नका. पान वाकडं झालं म्हणून मुलगी चिडली आणि दुसरी पट्टी मागायला आली, तर मला फोन करा. पट्टी कपाटाखाली धूळ खात पडली असेल तर मशीनही तिथेच पडेल. तेव्हा ते मागवू नका, पैसे बँकेत ठेवा आणि तिला जे शिकायचंय ते एकदा तिलाच विचारा.