आमटी आंबते, लोणचं का टिकतं?

प्रश्न : रात्रीची आमटी बाहेर राहिली तर सकाळी आंबलेली असते, पण कैरीचं लोणचं वर्षभर बरणीत राहतं. पाणी तर दोन्हीत असतं. मग फरक कशाचा?
— एक वाचक, सांगली

उत्तर : पाणी दोन्हीत असतं, खरं आहे. पण अन्न नासवणारे जीवाणू आणि बुरशी यांच्या दृष्टीने पाणी किती आहे यापेक्षा त्यातलं वापरायला किती मिळतं, हे महत्त्वाचं.

कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवा. थोड्याच वेळात पातेल्याच्या तळाशी पाणी साचतं. मिठाने ते फोडींतून ओढून काढलेलं असतं. या खारात जो जंतू पडेल, त्याच्या पेशीतलं पाणीही असंच ओढलं जातं. तो मरतोच असं नाही, पण त्याची वाढ थांबते. शिवाय कैरीचा आंबटपणा आणि मोहरीतलं झणझणीत द्रव्यही त्याला मानवत नाही. तेलाला मात्र लोक उगाच जास्त श्रेय देतात. तेल जंतू मारत नाही, फक्त बुरशीला हवा मिळू देत नाही. म्हणून तेलाबाहेर डोकावणाऱ्या फोडीवरच आधी पांढरं दिसतं. आणि ओला चमचा? त्याचे थेंब पडतात तिथला खार पातळ होतो. सासूबाई ओरडतात त्या काही उगाच नाही!

ऑस्ट्रेलियातले डब्ल्यू. जे. स्कॉट यांनी १९५३ मध्ये जीवाणूंची वाढ या मोकळ्या पाण्याच्या मापाशी जोडून दाखवली. शुद्ध पाण्याचं माप १. नासवणाऱ्या बहुतेक जीवाणूंना सुमारे ०.९ च्या वर लागतं आणि आमटी त्याच्या बरीच वर असते. बुरशीचं त्याहून कमीवर भागतं, पण ०.६ च्या खाली कुणाचीच वाढ होत नाही. मध याच सीमेच्या आसपास. त्यात शेकडा १७-१८ भाग पाणी असतं, म्हणजे नीट वाळवून साठवलेल्या गव्हापेक्षाही जास्त! पण ते साखरेने धरून ठेवलेलं असतं.

लाकडाचंही तेच. कार्ल्याच्या चैत्यगृहात छताच्या लाकडी कमानी सुमारे दोन हजार वर्षं टिकून आहेत. सागातली द्रव्यं बुरशीला आणि वाळवीला रुचत नाहीत हे खरं, पण वर डोंगराचा दगड नसता तर मावळातल्या पावसाने त्या केव्हाच संपवल्या असत्या. कुंपणाचा लाकडी खांब पाहा, तो आधी मातीलगत कुजतो, कारण ओल आणि हवा दोन्ही तिथे भरपूर.

एक मात्र ध्यानात ठेवा : पदार्थ टिकला म्हणजे त्यातले जंतू मेले असं नव्हे. मधात बॉट्युलिझमच्या जीवाणूंचे बीजाणू सुप्त राहू शकतात. मोठ्यांना त्यांचा त्रास होत नाही, तान्ह्यांच्या आतड्यात मात्र ते वाढून विष तयार करू शकतात. म्हणून एक वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटसुद्धा चाटवू नका.