कौटुंबिक वाद आणि संगणकातील खासगीपण

संसार सुरळीत चालू असताना पतिपत्नी एकमेकांना पासवर्ड सांगतात, एकच ई-मेल खाते दोघे वापरतात आणि वीजबिलापासून मुलांच्या शाळेच्या शुल्कापर्यंतचे व्यवहार एकाच मोबाइलवरून करतात. त्यात गैर असे काही नाही. परंतु उभयतांमध्ये वाद निर्माण होऊन प्रकरण वकिलाकडे किंवा न्यायालयात गेले, म्हणजे हाच विश्वास अडचणीचा ठरतो. वकिलाला पाठविलेली टिपणे, वैद्यकीय अहवाल, माहेरच्या माणसांशी झालेले बोलणे, बँकेतील शिल्लक ही सारी माहिती दुसऱ्या पक्षाला घरबसल्या मिळू शकते. त्यामुळे अशा प्रसंगी आपले खासगीपण कसे जपावे, हे स्त्री-पुरुष दोघांनीही समजून घेणे अगत्याचे आहे.

कायदा काय सांगतो?

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणाचा अधिकार हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील कलम ४३ व ६६ अन्वये दुसऱ्याच्या संगणकात परवानगीविना अप्रामाणिकपणे शिरकाव करणे हा गुन्हा आहे. कलम ६६-सी अन्वये दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये, पुरुषाने एखाद्या स्त्रीच्या इंटरनेट वा ई-मेलच्या वापरावर पाळत ठेवणे याचाही गुन्ह्यात समावेश आहे.

असे असले तरी, चोरून मिळविलेली माहिती न्यायालयात येऊच शकणार नाही, अशा भरवशावर कोणी राहू नये. कुटुंब न्यायालय अधिनियम, १९८४ च्या कलम १४ ने पुरावा स्वीकारण्याबाबत या न्यायालयांना व्यापक मुभा दिली आहे. शिवाय, पतीने पत्नीच्या नकळत ध्वनिमुद्रित केलेले दूरध्वनीवरील संभाषण वैवाहिक दाव्यात पुरावा म्हणून दाखल करता येईल, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२५ रोजी दिला. पाळत ठेवणाऱ्यास पुढे शिक्षा झाली, तरी एकदा उघड झालेली गोष्ट पुन्हा झाकता येत नाही. खरे संरक्षण आधी घेतलेल्या काळजीतच आहे.

माहिती फुटते कशी?

अशा वेळी जोडीदारास फारशा तांत्रिक ज्ञानाची गरज नसते. ब्राउझरमध्ये साठवून ठेवलेले पासवर्ड, मोबाइलमध्ये पूर्वी नोंदविलेला त्याच्या बोटाचा ठसा, संगणकाशी जोडून ठेवलेले व्हॉट्सॲप किंवा दोघांचे छायाचित्रसंग्रहाचे सामाईक खाते एवढे त्याला पुरते. समजा, एखाद्या शिक्षिकेने आपल्या ई-मेलचा पासवर्ड बदलला. परंतु खाते परत मिळविण्यासाठी नोंदविलेला क्रमांक पतीचाच राहिला, तर तो काही मिनिटांत नवा पासवर्ड तयार करू शकतो. येणारे प्रत्येक पत्र दुसऱ्या पत्त्यावर आपोआप रवाना होण्याची सोय कोणी करून ठेवली असेल, तर पासवर्ड बदलूनही गळती थांबत नाही.

काळजी कोणत्या क्रमाने घ्यावी?

पहिली गोष्ट म्हणजे, जोडीदाराचा हात ज्याला लागलेला नाही असा संगणक किंवा मोबाइल मिळवावा. घरच्या संगणकावर कळ दाबताच अक्षर टिपणारी प्रणाली बसविलेली असल्यास, त्यावर तयार केलेला नवा पासवर्डही तत्काळ फुटतो. ब्राउझरच्या खासगी खिडकीचाही त्यापुढे उपयोग होत नाही.

दुसरे, स्वतःच्या नावावर सिमकार्ड घ्यावे. ओटीपी ज्या क्रमांकावर येतो, त्या क्रमांकाच्या मालकाच्या हाती खात्याची किल्ली असते. बँक व आधार यांच्याकडे नोंदविलेला क्रमांकही तपासून घ्यावा.

तिसरे, वकिलाशी पत्रव्यवहार करण्यासाठी नवे ई-मेल खाते उघडावे. त्याचा पासवर्ड जन्मतारीख, मुलांची नावे किंवा लग्नाचा दिवस यांवरून बेतू नये. जोडीदाराला त्या सर्व गोष्टी ठाऊक असतात. द्विस्तरीय पडताळणी सुरू करावी.

चौथे, जुन्या खात्यांचे पासवर्ड बदलावेत, अन्य सर्व उपकरणांवरून बाहेर पडावे, परतप्राप्तीचा क्रमांक व पत्ता बदलावा आणि पत्रे परस्पर पुढे जाण्याची सोय बंद करावी. व्हॉट्सॲपमधील ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ ही यादी पाहून अनोळखी जोडण्या तोडाव्यात. आपण कोठे आहोत हे दुसऱ्यास दाखविणारी सोयही तपासावी.

पुरावा नष्ट करू नये

आपले दार बंद करणे वेगळे आणि दुसऱ्याचे कुलूप फोडणे वेगळे. जोडीदाराच्या खात्यात शिरण्याचा मोह आवरावा. जो कायदा त्याला लागू आहे, तोच आपल्यालाही आहे. त्याचप्रमाणे दाव्याशी संबंधित संदेश, हिशेब वा छायाचित्रे पुसून टाकू नयेत. न्यायालयात सादर होऊ नये म्हणून दस्तऐवज किंवा इलेक्ट्रॉनिक अभिलेख नष्ट करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली गुन्हा आहे. पाळतीची प्रणाली आढळल्यास ती घाईने काढून टाकण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घ्यावा; तो पाळतीचा पुरावा ठरू शकतो. मूळ उपकरण जपून ठेवावे.

सुरक्षितता सर्वांत आधी

जेथे मारहाणीचा धोका आहे, तेथे सर्व पासवर्ड एकाएकी बदलल्यास संशय बळावून हिंसा वाढण्याचा संभव असतो. अशा वेळी आधी सुरक्षित निवारा व मदतीची माणसे निश्चित करावीत. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ अन्वये संरक्षण अधिकाऱ्याकडे दाद मागता येते. महिलांसाठी १८१, सायबर आर्थिक फसवणुकीसाठी १९३० आणि तातडीच्या प्रसंगी ११२ हे क्रमांक आहेत. विधि सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ अन्वये स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेविषयक साहाय्य मिळते. हे दूरध्वनीही शक्यतो दुसऱ्याच्या मोबाइलवरून करावेत, कारण केलेल्या क्रमांकांची नोंद मागे राहते.

वाद मिटेल किंवा न्यायालय त्याचा निवाडा करील. तोपर्यंत आपल्या वकिलाशी, डॉक्टरांशी आणि आप्तांशी निर्धास्तपणे बोलता येणे, हा दोन्ही पक्षांचा सारखाच अधिकार आहे.