रंकाळा एका चौकटीत

कोल्हापूर आणि कॅमेरा यांचे नाते जुने आहे. बाबूराव पेंटर यांनी याच गावात चलच्चित्रांचा कॅमेरा स्वतः घडवला आणि १९२० साली त्यांचा 'सैरंध्री' हा मूकपट पडद्यावर आला. आपल्याला मात्र स्थिर चित्र हवे आहे. रंकाळ्याच्या काठावर उभे राहून संध्यामठ, शालिनी पॅलेस आणि मधले सारे पाणी एकाच चौकटीत घ्यायचे आहे. त्यासाठी कोणते भिंग निवडावे?

प्रथम देखावा मोजा. हात सरळ लांब करून वीत ताणली, तर ती डोळ्यापाशी सुमारे २०° चा कोन व्यापते. समजा, देखाव्यात चार विती भरल्या. म्हणजे ८०° झाले.

आता फिल्म. विशालदृश्य कॅमेऱ्यांच्या एका प्रसिद्ध प्रकारात चौकट सुमारे १६८ मिलिमीटर लांब असते. १२० क्रमांकाच्या एका रोलवर अशी चारच चित्रे निघतात, म्हणून अंदाजपंचे भिंग लावणे परवडत नाही. चौकटीच्या निम्म्या लांबीला, म्हणजे ८४ ला, भिंगाच्या नाभीय अंतराने भागा. येणारी संख्या ही निम्म्या दृष्टिकोनाचा टॅन असते. १०५ मिलिमीटरच्या भिंगासाठी ८४ ÷ १०५ = ०.८, कोन सुमारे ३८.७°, दुप्पट केल्यास ७७°. थोडक्यात हुकले! ९० मिलिमीटरचे भिंग ८६° देते आणि ७२ चे ९९°.

मग ७२ चेच का घेऊ नये? एक तर प्रतिमा लहान होते. १ किलोमीटरवरचा ३० मीटर उंच मनोरा ९० च्या भिंगाने फिल्मवर २.७ मिलिमीटरचा उमटतो, ७२ च्या भिंगाने जेमतेम २.२ चा. दुसरी अडचण प्रकाशाची. कडेच्या बिंदूवरून पाहिले तर भिंगाचे गोल छिद्र लंबगोल, म्हणजे लहान दिसते, अंतर वाढते, आणि किरण फिल्मवर तिरपे पडतात. तिन्ही मिळून प्रकाश कोसाइनच्या चौथ्या घाताने घटतो. ९० च्या भिंगात अगदी कडेला मध्याच्या सुमारे २९ टक्के प्रकाश पोचतो, ७२ च्या भिंगात फक्त १८ टक्के. यावर उपाय म्हणून मध्ये करडी आणि कडेला स्वच्छ अशी काच भिंगापुढे लावतात. पण ती मधला प्रकाश खाते, म्हणून उघडझाप लांबवावी लागते आणि तिवई आलीच.

भिंगच फिरवणारे कॅमेरेही असतात. वाइडलक्समध्ये २६ मिलिमीटरचे भिंग फिरत फिरत कमानीसारख्या वाकवलेल्या फिल्मवर सुमारे १४०° चे चित्र काढते. कडा काळवंडत नाहीत, पण समोरचा सरळ कठडा धनुष्यासारखा वाकतो. तळ्याच्या काठी, जिथे नजरेत भरणारी रेघ कठड्याचीच, तिथे हा दोष मला फार खटकतो.

आपल्या ८०° साठी तेव्हा ९० चे भिंग पुरे. डावी-उजवीकडे ३-३ अंश शिल्लक राहतात. कॅमेरा किंचित इकडेतिकडे झाला तरी तेवढ्यात भागते.