मुहूर्तापूर्वी कायदा

ज्या कुटुंबांत वधू एका धर्माची व वर दुसऱ्या धर्माचा असा विवाह ठरला आहे, त्यांच्या उपयोगासाठी हे लिहीत आहे. आणि मनात जी जळजळ अद्याप शिल्लक आहे ती एकदा बोलून टाकावी, हाही त्यातला हेतू आहे, हे लपविण्याचे मला कारण दिसत नाही.

कन्या हिंदू, जावई वसईकडचे ख्रिस्ती. धर्म कोणीही सोडावयाचा नाही, हे दोन्ही घरांनी पहिल्याच बैठकीत एकमुखाने मान्य केले होते. जावयांना नोकरीनिमित्त परदेशी जावयाचे होते, पत्नीच्या व्हिसासाठी विवाहाचा दाखला हवा होता, आणि याच घाईचा फायदा घेऊन आप्तांपैकीच एकाने ‘एका दिवसात कोर्ट मॅरेज’ करून देणारा एक मध्यस्थ आमच्या घरी आणला. वर ख्रिस्ती असता वैदिक विधीचा दाखला सरकारदरबारी ग्राह्य धरला जाईल काय, असे मी त्यास सर्वांसमक्ष विचारले होते. “काका, तुम्ही निश्चिंत राहा, आमचं रोजचं काम आहे,” असे तो म्हणाला, आणि घरच्या मंडळींनी माझ्या शंकेला संशयी स्वभावाचे नाव दिले. होम झाला, सप्तपदी झाली, एका संस्थेच्या शिक्क्याचे रंगीत प्रमाणपत्र हाती पडले आणि पेढे वाटले गेले.

नोंदणीच्या कार्यालयातील बाईंनी आमचे कागद एकेक करून शांतपणे चाळले, जावयांचा शाळा सोडल्याचा दाखला अर्जाशेजारी ठेवला, आणि धर्माच्या रकान्यावर बोट ठेवून “हा अर्ज कोणी भरला?” एवढेच विचारले. वराचा धर्म म्हणून तेथे ‘हिंदू’ असा शब्द लिहिलेला होता. आम्ही सह्या केल्या तेव्हा तो रकाना कोरा होता, हे मी आजही शपथेवर सांगेन. कन्येचा चेहरा उतरला. जावई, ज्यांच्या आईने या विवाहास संमती देताना एकच अट घातली होती की माझ्या मुलाने आपली श्रद्धा सोडू नये, ते त्या शब्दाकडे बघत नुसते उभे राहिले. तेथूनच मध्यस्थास फोन केला, तेव्हा “तो रकाना नुसता भरायचा असतो हो, कोण बघतंय?” हे त्याचे उत्तर. ज्या माणसाला दुसऱ्याचा धर्म परस्पर बदलून टाकताना हातातील लेखणी क्षणभर थबकवावीशी वाटली नाही, त्याच्याविषयी माझ्या मनात क्षमा नाही.

कायद्याची स्थिती अशी, की १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याखाली विवाह व्हावयाचा तर दोन्ही पक्ष हिंदू असले पाहिजेत (बौद्ध, जैन व शीख यांचाही त्यात समावेश होतो); एक पक्ष ख्रिस्ती असता त्या कायद्याखाली लागलेला विवाह शून्यवत होय, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली दिला आहे. दोघेही हिंदू असले तरी विधीवाचून केवळ संस्थेच्या कागदाने विवाह सिद्ध होत नाही, हेही त्याच न्यायालयाने २०२४ साली बजावले. आमच्यासारख्यांना मार्ग दोनच: १८७२ चा ख्रिस्ती विवाह कायदा, नाहीतर १९५४ चा विशेष विवाह कायदा. आम्ही दुसरा पत्करला.

त्याच्या मुदती नीट ध्यानात घ्याव्यात. नोटीस देण्यापूर्वी वधूवरांपैकी एकाचा तरी त्या जिल्ह्यात सलग ३० दिवस रहिवास झालेला असावा लागतो. हरकतींसाठीचे पुढील ३० दिवस मोजावयाचे ते अर्ज दिल्याच्या तारखेपासून नव्हे, तर नोटीस कार्यालयात प्रसिद्ध झाल्याच्या तारखेपासून. म्हणून ती तारीख तेथेच विचारून टिपून ठेवावी. कायमचा रहिवास अन्य जिल्ह्यातला असेल तर नोटिशीची नक्कल तिकडील विवाह अधिकाऱ्याकडेही रवाना होते; तेव्हा ज्यांच्या घरी ही वार्ता अद्याप पोचलेली नाही त्यांनी ती आधी आपल्या तोंडाने सांगावी, भिंतीवरच्या कागदावरून ती कोणाला कळू देऊ नये. हरकत आली तर तिची चौकशी ३० दिवसांत पुरी करावयाची असते, आणि विवाह नाकारला गेला तर जिल्हा न्यायालयात अपिलाची सोय आहे. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत विवाह झाला नाही तर ती व्यर्थ जाते. साक्षीदार तीन लागतात. ते हजर राहण्यात कुचराई करणारे नसावेत.

आणखी एक गोष्ट, जी आम्हास कोणीही सांगितली नाही व जी मी वकिलाकडून पुढे समजून घेतली: एकत्र कुटुंबातील हिंदू व्यक्तीने या कायद्याखाली अन्यधर्मीयाशी विवाह केला की त्या कुटुंबापासून ती विभक्त झाली असे कायदा मानतो, आणि तिच्या मालमत्तेचा वारसा १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे ठरतो. ज्या घरात वडिलोपार्जित जमीन आहे त्यांनी हे लग्नाच्या याद्यांपूर्वी समजून घ्यावे.

बाकी, कागदांच्या नकला ठेवाव्यात, धीर धरावा, सरकारी माणसाशी सौजन्याने बोलावे, हे कोणीही सांगेल. मी मात्र एवढे सांगतो की कोऱ्या रकान्याखाली सही करू नये, आणि दाखला हातात येताच नावांची अक्षरे पासपोर्टशी त्याच टेबलापाशी ताडून पाहावीत.

आमचा विवाह रीतसर झाला, पण या दिरंगाईमुळे जावयांना एकट्यानेच निघावे लागले; कन्या मागाहून गेली. मध्यस्थाने घेतलेली रक्कम अद्याप परत केलेली नाही. मागणीचे पत्र त्यास नोंदणीकृत टपालाने पोचले आहे, पोचपावती माझ्या दफ्तरी आहे, आणि ग्राहक आयोगाकडे द्यावयाच्या तक्रारीचा मसुदा वकिलांनी तयार केला आहे.